शोभेची वस्तू, काचेची नाही

२ फेब्रुवारी

वहिनी, नमस्कार.

दोनदा फोन केला, तुम्ही उचलला नाहीत. मग निरोप आला की परवाना आता तुमच्या नावावर आहे, तेव्हा मैदानाचं जे काही असेल ते लिहून कळवायचं. तर लिहितो. शाळा सुटल्यापासून मी सलग पानभर काही लिहिलेलं नाही. चुका पोटात घाला.

मार्चमध्ये दादाला जाऊन वर्ष होईल. इथल्या खेळाडूंनी त्याच्या नावाने सामना ठेवायचा ठरवलं आहे. तुम्ही मैदानावर कधी आला नाहीत म्हणून थोडक्यात सांगतो. बर्फाचा जुना बंद कारखाना आहे. त्यात वीस-वीस जणांचे दोन गट असतात. सगळ्यांच्या हातात खऱ्यासारख्या दिसणाऱ्या हवेच्या बंदुका, डोळ्यांना चष्मे, आणि वाटाण्याएवढ्या प्लास्टिकच्या गोळ्या. चिमटा काढल्याइतकं लागतं. याला एअरसॉफ्ट म्हणतात. दादाने नऊ वर्षं हेच चालवलं, आणि मी त्याच्या हाताखाली.

या वेळी काहीतरी खास हवं. दादाच्या कपाटात फुटणारे गोळे पडून आहेत, शेहेचाळीस. बोटभर लांब, अंगठ्याहून जाड. नळीतून उडवायचे. जिथे आपटतील तिथे दणका होतो आणि पांढरी भुकटी उडते. शेवटची दहा मिनिटं ते वापरू. दादाला आवाज आवडायचा. वाघासारखा माणूस होता, गुपचूप निरोप त्याला शोभणार नाही.

सोबत परवाना नूतनीकरणाचा अर्ज आहे. तिसऱ्या पानावर पेन्सिलीने फुली मारली आहे, तिथे सही करा. ३१ मार्च शेवटची तारीख. सही नसेल तर १ एप्रिलपासून मैदानाला कुलूप. माझं पोट त्यावर आहे, हे तुम्हाला सांगायला नको.

तुमचा दीर

* * *

७ फेब्रुवारी

भावोजी, नमस्कार.

पत्र मिळालं. अक्षर अजून तसंच आहे. चुका पोटात घातल्या. आता अर्जाबद्दल.

फोनवर तुम्ही बोलता आणि मी हो म्हणते, हे आपल्या घरात पूर्वीपासून चालत आलं आहे. कागदावर तसं होत नाही, म्हणून लिहायला सांगितलं. कागद वाचावा लागतो. तुमची फुली ज्याच्याखाली आहे ते कलम नऊ मी वाचलं. तुम्ही वाचलं नसेल असं धरून उतरवते: "सदर मैदानावर स्फोटक द्रव्य असलेला कोणताही गोळा, गोळी अथवा तत्सम वस्तू ठेवली किंवा वापरली जात नाही, असे मी शपथेवर सांगतो/सांगते." याच्याखाली मी सही करायची, आणि त्याच पाकिटात तुम्ही मला शेहेचाळीस गोळ्यांची बातमी द्यायची. पाकीट एकच वापरलंत हे बरं केलंत. टपालखर्च वाचला.

बावीस वर्षं मी पोस्टात पार्सलच्या खिडकीवर बसते. दिवसातून साठ वेळा एकच प्रश्न विचारते, आत काही ज्वालाग्राही, स्फोटक किंवा सडणारं आहे का. लोक नाही म्हणतात, आणि खोक्याच्या कोपऱ्यातून तेल गळत असतं. तेव्हा "नाही" या शब्दावर माझा किती विश्वास असेल ते समजून घ्या.

ह्यांना आवाज आवडायचा हे मला नवीन. शेवटची दोन वर्षं माझा आवाजसुद्धा ह्यांना आवडत नव्हता. मी काही विचारावं आणि ह्यांनी वर्तमानपत्र वाचत राहावं. दुसऱ्यांदा विचारलं तर "हं" म्हणायचे. तिसऱ्यांदा मी विचारत नसे. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात. तुमचा दादा मेल्यावर वाघ झाला, घरात तर तो खुर्चीच होता. हे मी रागाने लिहीत नाही. वर्ष होत आलं, राग टिकवायलाही श्रम पडतात.

एवढंच कळवा. ते गोळे स्फोटक आहेत की नाहीत? हो किंवा नाही.

तुमची वहिनी

* * *

११ फेब्रुवारी

वहिनी, नमस्कार.

नाही.

तुम्ही एका शब्दात मागितलंत म्हणून एका शब्दात दिलं. आता खुलासा. स्फोटक म्हणजे खाणीत लावतात ते. हे नुसतं आवाज करतं. खोक्यावर छापलं आहे, "शोभेची वस्तू". विकणारा काही वेडा नव्हता.

तरी तुमच्या समाधानासाठी परवा सगळी कार्यालयं पालथी घातली. परवान्याच्या खिडकीवरचा म्हणाला, बंदूक खेळण्यात मोडते, तर गोळाही खेळण्यात, खेळण्यांच्या विभागात जा. तिथली बाई म्हणाली, आम्ही रंग विषारी आहे का एवढंच बघतो, आवाज आमच्याकडे नाही, चौकीत जा. चौकीतल्या हवालदाराने विचारलं, कुणाची तक्रार आहे का? म्हटलं, नाही. मग आलात कशाला, म्हणाला. म्हणजे बंदी कुठेच नाही. चार तास उभा होतो, कुणी नाही म्हणालं नाही.

सुरक्षेचं म्हणाल तर आमच्याकडे कडक नियम आहेत. चष्म्याशिवाय आत प्रवेश नाही. वीस पावलांच्या आत नेम धरायचा नाही. गोळा माणसावर नाही, भिंतीवर मारायचा. एवढी काळजी तर लोक स्वयंपाकघरात घेत नाहीत.

तरी तुमचा विश्वास बसणार नाही, म्हणून एक नमुना पाठवतो. स्वतः हातात घेऊन बघा. दादाच्या लोकरी मोज्यात नीट गुंडाळला आहे. दिवसा तुम्ही घरी नसता, म्हणून ऑफिसच्या पत्त्यावर टाकतो. बघितलात की तुम्हीच हसाल.

तुमचा दीर

* * *

१७ फेब्रुवारी

भावोजी,

नमुना मिळाला. हसले नाही. का ते सविस्तर लिहिते, कारण हे सगळं मला अधिकृत कागदावर आधीच लिहावं लागलं आहे. त्याचीच ही घरगुती प्रत समजा.

परवा अकराच्या सुमारास खोकं माझ्या टेबलावर आलं. वर तुमच्या अक्षरात, "शोभेची वस्तू. काचेची नाही. हळू हाताळा." मला वाटलं, ह्यांचा एखादा फोटो तुम्ही चौकट लावून पाठवला असेल. तशी आशा मी केली, ही माझी चूक. चहाची सुट्टी होती, शेजारच्या दोघी टेबलाभोवती आल्या. मी मोजा ओळखला, टाचेला मीच रफू केलेला होता. आतून तुमचा गोळा निघाला. एक जण म्हणाली, अत्तराची बाटली आहे का? दुसरीने उचलून कानाशी हलवून पाहिला.

तेवढ्यात पोस्टमास्तर आले. ते निवृत्तीला आठ महिने राहिलेले सावध गृहस्थ आहेत. त्यांनी गोळ्याकडे पाहिलं, त्याच्या तळाशी लाल अक्षरात छापलेली ओळ वाचली, आणि अतिशय हळू आवाजात सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. ती ओळ तुम्ही वाचली नसेल, कारण ती कलम नऊपेक्षाही बारीक आहे. "आघाताने पेट घेणारी स्फोटक भुकटी. उष्णतेपासून व धक्क्यापासून दूर ठेवा." तुम्ही तो आगगाडीतून, मोटारीतून आणि तीन वेळा फेकल्या जाणाऱ्या पोत्यातून पाठवलात.

आम्ही सगळे कर्मचारी आणि रांगेतली माणसं मिळून चाळीस जण दोन तास समोरच्या फुटपाथवर उभे होतो. एका बाईंना परीक्षेचा अर्ज पाठवायचा होता, त्या मला दर पाच मिनिटांनी वेळ विचारत होत्या. मग बॉम्ब निकामी करणाऱ्या पथकाची गाडी आली. जाड कपडे घातलेले एक वयस्कर गृहस्थ आत गेले आणि वाळूची बादली घेऊन बाहेर आले. त्यांनी विचारलं, हे कुणाचं?

मी म्हटलं, माझं.

"पाठवलं कुणी?"

"दिरांनी."

"तुमचं पटत नाही का?"

आपलं पटतं असं मी सांगितलं. त्यांचा विश्वास बसला नाही.

नंतर नोंदवही. निषिद्ध वस्तू सापडली की ती भरावी लागते, आणि ती भरण्याचं काम माझ्याकडे आहे. घेणाऱ्याचं नाव, माझं. तपासणाऱ्या कर्मचाऱ्याचं नाव, माझं. वस्तूचा प्रकार, या रकान्यात मी स्वतःच्या हाताने "स्फोटक" असं लिहिलं आणि सही केली. आता ३१ मार्चच्या आत त्याच हाताने शपथेवर लिहायचं की मैदानावर असलं काही नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तुम्ही तर अवलक्षण रजिस्टर टपालाने पाठवलंत.

एक गोष्ट राहिली. त्या गृहस्थांनी बादली गाडीत ठेवताना मला विचारलं की हे बंद खोलीत कधी उडवलं होतं का. जाड भिंती असतील तर आवाज बाहेर जात नाही, डोळा चष्म्याने वाचतो पण कान जातो, असं ते म्हणाले. तुमच्याकडे कुणाचा कान गेलाय का?

मी नाही म्हटलं. बरोबर सांगितलं ना?

वहिनी

* * *

२० फेब्रुवारी

वहिनी, नमस्कार.

तुमचं पत्र उभ्यानेच वाचलं. चुकलो. काचेची नाही असं लिहिताना मला वाटलं होतं, मी फार विचार करतोय. त्या बाईंचा परीक्षेचा अर्ज गेला का?

काल माझ्याकडेही दोघे जण येऊन गेले. कपाट उघडायला लावलं, मोजले, पंचेचाळीस भरले, कपाटाला सील ठोकलं आणि मला कोरा जबाबाचा कागद देऊन गेले. पंधरा मार्चपर्यंत भरून द्यायचा आहे. माल कुणी मागवला, कुणी ठेवला, कुणी वापरला. सामना अर्थातच रद्द केला. खेळाडूंना सांगितलं की वहिनींची तब्येत बरी नाही. माफ करा, दुसरं सुचलं नाही.

आता नीट वाचा. चिडू नका. मी वकिलाकडे जाऊन आलो. तो म्हणतो, अवघड काहीच नाही. माल दादाच्या कपाटात, किल्ली दादाची, परवाना तेव्हा दादाच्या नावावर. जबाबात लिहायचं की सगळं दादाने आणलं, आपल्याला काही माहीत नव्हतं, आवरताना सापडलं. तुम्हीही तेच लिहायचं. मेलेल्या माणसावर खटला चालत नाही. परवाना राहतो, मैदान राहतं, तुम्ही सुटता, मी सुटतो. दादा असता तर त्यानेही हेच सांगितलं असतं. धाकट्यासाठी त्याने आयुष्यभर दुसरं काय केलं?

त्याचं आता कोण काय वाकडं करणार आहे?

तुमचा दीर

* * *

२४ फेब्रुवारी

भावोजी,

माझी तब्येत बरी आहे, खेळाडूंना कळवा. त्या बाईंचा अर्ज मी संध्याकाळच्या गाडीने काढला.

वकील हुशार आहे. खापर फोडायला इतकं थंड डोकं दुसरीकडे मिळणार नाही. महिन्याच्या सुरुवातीला तुमचा दादा वाघ होता, महिनाअखेरीला गुन्हेगार झाला. गेल्या माणसाची इतक्या वेगाने बदली आमच्या खात्यातही होत नाही.

मी मैदानावर आले नाही हे खरं, पण लग्नानंतरची सात वर्षं ह्यांनी जेवताना मला मैदान सांगितलं आहे. तेव्हा बोलायचे. प्लास्टिकच्या गोळीचा डाग राहत नाही, त्यामुळे कुणाला लागली हे दुसऱ्याला कळत नाही. ज्याला लागते त्याने स्वतः हात वर करून "लागलं" म्हणायचं आणि खेळातून बाहेर पडायचं. पंच नाही, साक्षीदार नाही. सगळा खेळ त्यावर चालतो. ह्यांनी एकदा एका मोठ्या ठेकेदाराला कायमचं बाहेर काढलं होतं. गोळी लागून तो गप्प राहिला म्हणून. तो महिन्याला चार सामन्यांचं बुकिंग देणारा होता. तुम्हीच त्या वेळी घरी येऊन कुरकुर केली होतीत.

त्या माणसाच्या नावाने तुम्ही आता खोटं लिहायचं आणि मी खाली सही करायची. मी करणार नाही. मैदान बंद पडलं तर पडो. तुमच्या पोटाचं मला वाईट वाटेल आणि तरीही मी करणार नाही.

आणखी एक. मागच्या पत्राच्या शेवटी मी तुम्हाला एक प्रश्न विचारला होता. तुम्ही परीक्षेच्या अर्जाची चौकशी केलीत, वकिलाचं सांगितलंत, खेळाडूंचं सांगितलंत. त्या प्रश्नाचं उत्तर तेवढं राहिलं. पार्सलच्या खिडकीवर असं झालं की आम्ही खोकं उघडतो.

कुणाचा कान गेला?

वहिनी

* * *

३ मार्च

वहिनी,

हे पत्र चारदा फाडलं.

दादाचा. डावा.

तीन वर्षं झाली. गोळे मी मागवले होते, त्याला न विचारता. दुसऱ्या एका मैदानावर ते वापरायला लागले होते आणि आमची गर्दी तिकडे वळत होती. खोकं आलं तेव्हा दादा चिडला. म्हणाला, आधी काय आहे ते बघू, मग परत पाठवू. बर्फाच्या कोठीत गेलो, जिथे लाद्या ठेवायचे. भिंती हातभर जाड. आवाज बाहेर जाऊन शेजारी ओरडू नयेत म्हणून दार मी लावून घेतलं. दादा म्हणाला, थांब, मी बाहेर होतो. मी थांबलो नाही. मला गंमत करायची होती, वहिनी. चाळिशी ओलांडलेला माणूस मी, मला त्याला दचकवायचं होतं.

चष्मे दोघांनी घातले होते. कानाचं कुणालाच सुचलं नाही. मी कोपऱ्यात वाकलो होतो, त्याची डावी बाजू भिंतीकडे होती. तो खाली बसला. बराच वेळ तो माझ्या तोंडाकडे बघत होता. मग म्हणाला, तू बोलतोयस का?

डॉक्टरकडे मी घेऊन गेलो. तुम्हाला दाढेचं सांगितलं होतं ते त्या दिवशीचं. डॉक्टर म्हणाले, हा कान आता परत येणार नाही. येताना गाडीत मी रडलो, तो नाही. तो एकच म्हणाला, "तिला सांगू नकोस. सांगितलंस तर ती तुला उंबरा ओलांडू देणार नाही." मी म्हटलं, कधीतरी कळेलच. तर म्हणाला, मी सांगेन, सवडीने.

गोळे त्याने कपाटात कोंडले आणि किल्ली स्वतःकडे ठेवली. कचऱ्यात टाकता येत नव्हते, पोलिसांत दिले तर मी अडकणार होतो. तो गेल्यावर किल्ली मला त्याच्या टेबलात सापडली. त्याला आवाज आवडायचा असं मी लिहिलं. का लिहिलं ते मलाही माहीत नाही. त्या कपाटाचं काहीतरी चांगलं करून टाकावं असं वाटत होतं.

तुमच्या पहिल्या पत्रातली ती दोन वर्षांची ओळ वाचली तेव्हाच सांगायला हवं होतं. तुम्हाला वाटत होतं तो तुमच्याशी बोलत नाही. त्याला त्या बाजूने ऐकू येत नव्हतं. दुसरं काही नव्हतं.

* * *

११ मार्च

वहिनी,

आठ दिवस झाले. तुमचं काही आलं नाही. येऊ नये असं मी केलं आहे, हे मला समजतं.

जबाब आज दिला. प्रत सोबत जोडली आहे. वकिलाला दाखवला नाही. त्यात लिहिलं आहे की माल मी मागवला, परवानाधारकाला न सांगता, बंद कोठीत मी उडवला आणि त्यात माझ्या भावाचा कान गेला. आणि त्याने तो माल त्या दिवसापासून कुणालाही वापरू दिला नाही. साहेबांनी वाचून विचारलं, एवढं सगळं लिहायची गरज होती का, तुमचा भाऊ तर हयात नाही. मी म्हटलं, वहिनी आहेत.

पंचेचाळीस गोळे घेऊन गेले. खिळे ठोकलेल्या पेटीत, वाळूत रोवून. परवान्याचं काय होईल ते सांगत नाहीत. तुमच्या अर्जावर अवलंबून आहे म्हणे. तुम्ही सही केलीत किंवा नाही केलीत तरी मी काही म्हणणार नाही.

दीर

* * *

१७ मार्च

भावोजी,

पत्र उशिरा लिहिते आहे. त्याला कारण टपालखातं नाही.

आधी कामाचं. अर्ज भरला. कलम नऊवर आडवी रेघ मारली आणि बाजूला लिहिलं: "मैदानावर स्फोटक वस्तू होत्या. त्या जमा केल्या आहेत. दिरांचा जबाब वाचला, तो मला मान्य आहे. यापुढे ठेवल्या जाणार नाहीत." त्याखाली सही केली. परवा स्वतः नेऊन दिला. खिडकीवरचा म्हणाला, छापील मजकुरावर रेघ मारता येत नाही. मी म्हटलं, खोट्या मजकुरावर सही करता येते, मग ही रेघही चालवून घ्या. तो आत जाऊन साहेबांना विचारून आला. सहा महिने परवाना निलंबित. त्यानंतर तपासणी करून पुन्हा देतील. मला वाटलं होतं कायमचा जाईल. खरं लिहिणाऱ्यांसाठी बहुतेक त्यांच्याकडे शिक्षेचा वेगळा तक्ता नाही, फार वापर नसावा.

सहा महिने तुम्ही काय खाणार हा प्रश्न आहे. आमच्याकडे पार्सलच्या गाडीवर माणूस हवा आहे. पोस्टमास्तरांना तुमच्याबद्दल विचारलं. ते म्हणाले, त्यांना सोडून कुणालाही. बिस्किटांच्या कारखान्यात माझ्या बहिणीच्या ओळखीने विचारते आहे. तिथे फुटणारं काही नसतं.

आता दुसरं. लिहायचं नव्हतं, पण तुम्ही चारदा फाडून लिहिलंत, तर मीही लिहिते.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी आधी मला बरं वाटलं. हे सांगायला लाज वाटते. नवऱ्याचा कान गेल्याचं ऐकून कुणाला बरं वाटतं? मग तुमचा इतका राग आला की तुम्ही समोर नव्हतात हे तुमचं नशीब. उंबऱ्याचं ह्यांनी सांगितलं ते अगदी बरोबर होतं. मी तुम्हाला येऊ दिलं नसतं. ह्यांना बायको आणि भाऊ दोन्ही ठेवायचे होते, म्हणून ह्यांनी कान लपवला. हिशेब ह्यांच्या दृष्टीने चोख होता. त्यात मी काय ऐकते आणि काय समजते हा रकाना तेवढा राहिला.

आमच्या स्वयंपाकघरात टेबल भिंतीला लागून आहे. तीन वर्षांपूर्वी ह्यांनी अचानक आपली खुर्ची उचलून दुसऱ्या बाजूला नेली. विचारलं तर म्हणाले, इथे उजेड बरा येतो. मला वाटलं, ह्यांना माझ्या शेजारी बसायचं नाही. मग मीही आपली खुर्ची ओट्याजवळ ओढली. चार दिवसांनी ह्यांनी परत जागा बदलली. मी परत हलवली. महिनाभर आम्ही दोघं एका शब्दाशिवाय त्या खोलीत खुर्च्या सरकवत होतो. ते आपला चांगला कान माझ्याकडे आणत होते, आणि मी माझा मान सांभाळत होते. शेवटी ते दमले असावेत. वर्तमानपत्र वाचायला लागले.

ते सवडीने सांगणार होते ना. माणसाला सवड फार आहे असं वाटतं.

तुम्हाला माफ केलं का, असं तुम्ही विचारलेलं नाही, ते बरं केलंत. मला अजून माहीत नाही. पण जबाबाची प्रत मी ह्यांच्या कागदांत ठेवली आहे. ह्यांच्याविषयी खरं लिहिलेलं घरात तेवढंच आहे. पुढच्या रविवारी जेवायला या. उंबरा आहे तिथेच आहे.

काल सुट्टी होती. सकाळी भांडी घासून झाल्यावर मी स्वयंपाकघरात उभी राहून बोलायला लागले. त्या दोन वर्षांत जे तिसऱ्यांदा विचारलं नाही ते सगळं, मोठ्याने, एकेक करून. छताचा गळका कोपरा, माझी बढती मी नाकारली ती गोष्ट, दाढेची थाप, खुर्ची. बराच वेळ बोलत असणार, कारण शेजारीण दार वाजवून विचारायला आली, पाहुणे आलेत का?

मी म्हटलं, नाही हो. आमचं जुनं भांडण चाललंय. संपत आलंय.

तुमची वहिनी